आधी शेजार, मग जनरेटर

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर हरिकेनचा मोसम तोंडावर आलेला असेल. १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे आपल्या ह्यूस्टनकरांचा जरा लांबलेला चातुर्मासच. फरक एवढाच की या चातुर्मासात कांदा-लसूण चालतो, वीज मात्र कधीही सोडावी लागते!

हल्ली कुठल्याही पॉटलकला गेलं की पुरुषांच्या घोळक्यात एकच विषय असतो. "तुम्ही किती किलोवॉटचा घेतलात?" पूर्वी हा प्रश्न घराच्या चौरस फुटांबद्दल असे, आता तो जनरेटरबद्दल असतो. आणि त्यात नवल काही नाही. १६ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्याने डाउनटाउनमधल्या उंच इमारतींच्या काचा फोडल्या, लाखो घरे अंधारात गेली. त्यातून सावरतो न सावरतो तोच ८ जुलैला बेरिल आले. वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांनी ऐन जुलैच्या उकाड्यात आठवडाभर वाट पाहिली. महाराष्ट्रात लोडशेडिंग सोसलेली आपण माणसे, पण तिथे निदान वेळापत्रक तरी असायचे!

तेव्हा जनरेटर घेणाऱ्यांची चेष्टा करायचा आमचा बेत नाही. आम्ही स्वतः इंजिनिअर, यंत्रावर आमचा जीव. पण यंत्राकडून काय होते आणि काय होत नाही, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू.

घरातला फ्रिज दिवसाला साधारण एक ते दोन युनिट वीज खातो. सेंट्रल एअर कंडिशनर चालू असताना तासाला तीन-चार युनिट ओढतो. गराजच्या भिंतीवर लावायची मोठी बॅटरी असते सुमारे तेरा युनिटची. म्हणजे तिच्यावर ए. सी. चालेल जेमतेम तीन-चार तास. पण नुसता फ्रिज, दोन पंखे, चार दिवे आणि फोन चालवले तर तीच बॅटरी तीन दिवस पुरेल. छपरावर सोलर पॅनेल बसवलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाहेरची लाइन गेली की नुसती पॅनेल्स आपोआप बंद होतात, मग ऊन कितीही लख्ख असो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तशी योजना असते. बॅटरी आणि घर लाइनपासून तोडणारा स्विच असेल तरच त्या वेळी उपयोग. आणि गॅसची फर्नेस असली तरी तिचा पंखा विजेवरच फिरतो, त्यामुळे गॅस असूनही घर गारठते.

हे सगळे २०२१ च्या फेब्रुवारीत पुष्कळांना एकदमच कळले. थंडीने टेक्सासमधल्या गॅसच्या विहिरी, पाइपलाइनी, वीजकेंद्रे, पवनचक्क्या सगळेच गोठले. त्यातही मोठी तूट पडली ती गॅसवरच्या केंद्रांची. टेक्सासचे ग्रिड बाकीच्या अमेरिकेपासून जवळजवळ अलग, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून उसनवारीही फारशी होईना. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास लाइनची फ्रीक्वेन्सी इतकी घसरली की अख्खे ग्रिड कोलमडायला ४ मिनिटे ३७ सेकंदच उरली होती, असे ग्रिड चालवणाऱ्या संस्थेनेच नंतर सांगितले. ते कोलमडले असते तर अंधार काही आठवड्यांचा झाला असता. ते वाचवण्यासाठी ४५ लाखांवर घरे आणि दुकाने अंधारात ढकलली गेली. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली, त्यातली जवळजवळ दोनतृतीयांश थंडीने. काहींनी ऊब मिळावी म्हणून गराजमध्ये गाडी चालू ठेवली, कुणी घरात कोळशाची शेगडी पेटवली आणि कार्बन मोनॉक्साइडने गेले. या वायूला वास नसतो. जनरेटर घेतलेल्यांनी तो खिडक्या-दारांपासून निदान वीस फूट लांब ठेवायचा, गराजमध्ये तर दार उघडे टाकूनसुद्धा नाही. पावसात भिजतो म्हणून आत घेणे म्हणजे साक्षात यमदूताला चहाला बोलावणे.

आता यंत्रापलीकडची गोष्ट. शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची भयंकर लाट आली आणि नेहमीपेक्षा सुमारे ७३९ माणसे जास्त मेली. त्यात एकटी राहणारी वृद्ध माणसे फार. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने 'हीट वेव्ह' या २००२ च्या पुस्तकात या मृत्यूंचा मागोवा घेतला. त्याने शेजारी-शेजारी असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ, ऊन तर एकच. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण साउथ लॉनडेलच्या दहापट होते! का? साउथ लॉनडेलच्या रस्त्यांवर दुकाने होती, वर्दळ होती, फुटपाथवर ओळखीचे चेहरे होते. म्हातारी माणसे घराबाहेर पडत, दुकानात टेकत, कुणीतरी विचारपूस करी. नॉर्थ लॉनडेलमधली दुकाने आणि माणसे निघून गेली होती. मागे राहिलेले म्हातारे भीतीने दार-खिडक्या लावून आत बसले.

हे वाचले आणि आम्हाला आपली सबडिव्हिजन दिसू लागली. रिमोटने गराजचे दार उघडते, गाडी आत जाते, दार पडते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि आपल्यापैकी कितीतरी घरांत या घडीला आई-बाबा आलेले आहेत, सहा महिन्यांसाठी किंवा कायमचे. मुलगा-सून कामावर, एखादा आठवडा दोघेही बाहेरगावी. आजी-आजोबांना गाडी येत नाही, इंग्रजीत बोलायचा संकोच, फोनही मुलाच्याच प्लॅनवर. पलीकडच्या घरातल्या गोऱ्या शेजाऱ्याला तर इथे एक म्हातारे जोडपे राहते हे ठाऊकसुद्धा नसते. वीज जाऊन घर नव्वदीवर गेले तरी ते दार ठोठावणार नाहीत. "उगाच लोकांना कशाला त्रास?" हे आपल्या आई-वडिलांचे ब्रीदवाक्य. आम्हाला हरिकेनपेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटते.

"अहो, पण आपलं मंडळ आहे ना!" आहे, आणि उत्तम आहे. गणपतीत चारशे माणसांचा स्वयंपाक करणारे, एका संध्याकाळीत शंभर फोन फिरवणारे हात आपल्याकडे आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वीच्या पुरात ह्यूस्टन विद्यापीठातले सुमारे दोनशे भारतीय विद्यार्थी पाण्याने वेढले गेले, तेव्हा इथल्या भारतीय मंडळींनी त्यांना अन्न पोचवले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईकर रस्त्यावर उभे राहून अनोळखी माणसांना चहा-बिस्किटे देत होते, घरात झोपायला जागा देत होते. तेव्हा रक्तात हे आहेच.

अडचण आहे ती अंतराची. आपण विखुरलो आहोत केटीपासून क्लिअर लेकपर्यंत, शुगर लँडपासून वुडलँड्सपर्यंत. हार्वीच्या वेळी रस्त्यांचे कालवे झाले होते. तीस मैलांवरचा जिवलग मित्र फोनवर हळहळण्यापलीकडे काय करणार? त्या पहिल्या दोन दिवसांत कामी येतो तो चालत पोचणारा माणूस. तो मराठी असेलच असे नाही. म्हणून आमच्या मते दोन वर्तुळे हवीत. एक आपल्या गल्लीचे, त्यात कुणीही शेजारी असो. दुसरे मंडळाचे, जवळच्या आठ-दहा मराठी घरांचा एकेक गट करून.

गल्लीचे वर्तुळ सुरू करायला फार काही लागत नाही. दिवाळीत फराळाची चार ताटे भरून डाव्या-उजव्या आणि समोरच्या घरी स्वतः जा. आई-बाबांना बरोबर न्या, ओळख करून द्या. "काही झालं तर यांच्याकडे जरा बघाल का?" हे एक वाक्य आणि एक फोन नंबर. अमेरिकन शेजारी बहुधा खुशीने हो म्हणतो. तोही कुणीतरी विचारायची वाटच पाहत असतो.

मंडळाच्या गटाने एक पानाची यादी करावी. कागदावर, कारण फोनची बॅटरी संपते. यादीत तीनच प्रश्न. घरात एकटे किंवा वृद्ध कोण? ऑक्सिजन, सीपॅप, इन्सुलिन अशी विजेवर अडणारी गरज कुणाला? आणि तुमच्याकडे देण्याजोगे काय आहे? गॅसची शेगडी, ट्रक, जनरेटर, डॉक्टरी, नर्सिंग, प्लंबिंगची हत्यारे, रिकामी खोली, काहीही. यादी गटाबाहेर जाऊ द्यायची नाही. आजारपण हा गप्पांचा विषय नव्हे. मशिनवर अवलंबून असलेल्यांनी २११ नंबरला फोन करून टेक्सास सरकारच्या 'स्टिअर' नोंदणीतही नाव घालावे. ते दरवर्षी नव्याने घालावे लागते आणि त्याने मदत मिळेलच अशी हमी नसते, म्हणून तर आपली यादी हवी. वीज गेली की दर सकाळी गटातल्या प्रत्येक घरी एक फोन, उत्तर नाही आले तर जवळचा माणूस दारात. एवढाच नियम.

आता थोडे स्वयंपाकघराचे. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन धरून निदान तीन दिवसांचे ठेवायचे, जमल्यास दोन आठवड्यांचे. फ्रिज बंदच ठेवला तर आतले चार तास टिकते, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. बाकी आपल्या आज्यांनी सोय करूनच ठेवली आहे! दडपे पोह्यांना चूल लागत नाही, सातूचे पीठ गूळ-पाण्यात कालवले की झाले, मेतकूट, चिवडा, लाडू, खाकरा महिनाभर टिकतात. कॅम्पिंगच्या शेगडीवर कुकरला दोन शिट्ट्या काढून तो ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवला तर डाळ स्वतःच्याच उष्णतेवर मऊ होते, गॅस वाचतो. ही भजणी-सातूची विद्या आपल्या पिढीत कामवाल्या घाईत मागे पडली. आजी घरात आहेत तोवर मुलांना तिच्या हाताखाली बसवा. दोघांनाही काम मिळेल.

पागोळ्यांचे पाणीही वाया घालवू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे सहाशे गॅलन पाणी येते. पन्हळीखाली दोन पिंपे ठेवली तर प्यायला नाही, पण बागेला आणि अडीअडचणीला टॉयलेटला पुरते. आणि आटिकमध्ये इन्सुलेशन वाढवले की एरवीचे बिल कमी होतेच, शिवाय वीज गेल्यावर घर तापायला आणि गारठायला जास्त तास लागतात. ते तास कधी कधी आजोबांच्या जिवाचे असतात.

"हे सगळं दरवर्षी होणार का हो?" असे परवा एका काकूंनी विचारले. दरवर्षी नाही, पण वारंवार आणि जोरात, असे शास्त्र सांगते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि आखाताचे पाणी तापतेच आहे. हार्वीत नेडरलंड गावी ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. हवामान बदलाने त्या पावसाचा जोर सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या एका गटाने त्याच वर्षी मांडला.

तेव्हा जनरेटर घ्यायचा तर जरूर घ्या. पण त्या आधीच्या शनिवारी डावीकडचे एक, उजवीकडचे एक आणि समोरचे एक अशी तीन दारे वाजवा. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाजवळ कोरे कागद आणि पेन ठेवायची विनंती आम्ही कार्यकारिणीला केली आहे. वडा घ्यायच्या आधी आपला झिप कोड लिहा, म्हणजे गट पाडता येतील. आणि हो, आई-बाबांची नावे लिहायला विसरू नका.