कौतुकाचा पिंजरा

निंदेने कवी खचतो, असा एक समज आहे. आमचे मत नेमके उलट आहे. निंदा पचवून कवी धडधाकट राहतो. त्याला कोंडून मारते ते कौतुक! खोटे वाटत असेल तर पॉल लॉरेन्स डनबारची हकीकत ऐका.

१८७२ साली अमेरिकेत, ओहायोतील डेटन गावी हा कृष्णवर्णीय कवी जन्मला. आईबाप केंटकीत गुलामगिरीत राबलेले. वर्गात हा एकटाच काळा विद्यार्थी. तरी शाळेच्या पत्राचा संपादक तोच. शिक्षण संपल्यावर नोकरी कसली मिळाली? लिफ्ट चालवण्याची! पगार आठवड्याला चार डॉलर. पण पठ्ठ्याने पहिला कवितासंग्रह स्वतःच छापवून घेतला आणि लिफ्टमधल्या उतारूंना डॉलरला एक असा विकला.

१८९६ साली विल्यम डीन हॉवेल्स या मातब्बर टीकाकाराने 'हार्पर्स वीकली'त त्याची स्तुती केली आणि डनबार देशभर गाजला. पण स्तुती कशाची? डनबार प्रमाण इंग्रजीत लिही, तसाच आपल्या लोकांच्या बोलीतही. हॉवेल्ससाहेबांनी बोलीतल्या कविता डोक्यावर घेतल्या. बाकीच्यांना दुय्यम ठरवले. झाले! जो तो बोलीच मागू लागला. पुढच्याच वर्षी डनबारने एका मित्राला लिहिले की, या गृहस्थांनी आपले कायमचे नुकसान केले आहे.

कोणी म्हणेल, बोलीत लिहिणे कमीपणाचे का? मुळीच नाही. आमचे भांडण बोलीशी नाही. 'तू एवढेच लिही' म्हणणाऱ्या शहाणपणाशी आहे. गोऱ्याने कीट्सचा वारसा सांगावा आणि काळ्याने सांगितला की ती नक्कल, हा कुठला न्याय? १९०२ साली 'द स्पोर्ट ऑफ द गॉड्स' या कादंबरीत डनबारने चोरीच्या खोट्या आळामुळे एका काळ्या कुटुंबाची झालेली वाताहत रंगवली. पण रसिकांना हवी होती ती गमतीची बोलीगीतेच!

१९०६ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. पुढे १९६९ साली माया अँजेलू यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ते त्याच्याच एका ओळीचे, पिंजऱ्यातल्या पाखराच्या गाण्याचे. आणि ती कविता बोलीत नाही, प्रमाण इंग्रजीत आहे!

तेव्हा वाचकहो, एखाद्या नव्या लेखकाची पाठ अवश्य थोपटा. पण त्याच हाताने पिंजऱ्याचे दार लावू नका.