कष्टाचा गर्व

गुणगौरव समारंभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: कष्ट करणाऱ्याला यश मिळतेच. हे वाक्य मला मान्य नाही. त्याची दुसरी बाजू क्रूर आहे. नापास झाला तो आळशीच असला पाहिजे!

श्रीनिवास रामानुजन एफ. ए. परीक्षेत नापास झाले होते. पुढे मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करीत असता त्यांनी केंब्रिजच्या गणितज्ञांना पत्रे धाडली. दोघांनी दाद दिली नाही. जानेवारी १९१३ मधील पत्र मात्र जी. एच. हार्डी यांच्या हाती पडले आणि त्यांनी ते लिटलवुड यांच्यासमवेत बसून तपासले. वह्या भरभरून केलेले कष्ट तिन्ही वेळा तेच; बदलला तो वाचणारा!

म्हणून कष्ट सोडा, असे कोण म्हणतो? वह्याच नसत्या, तर हार्डी काय वाचणार होते? परंतु संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातील मजूर आठवा. दिवस कलेपर्यंत ते बाजारात उभे होते, कारण त्यांना कोणी कामावर बोलावलेच नव्हते. तेव्हा सत्काराच्या हारांवरील खर्चातून नापास मुलांच्या शिकवणीची फी भरावी, अशी माझी सूचना आहे. समारंभ समितीला ती रुचणार नाही, हे मी जाणतो.