लांब फोर्कची हौस गिऱ्हाइकाची, जबाबदारी मिस्त्रीची

जुनी बुलेट घेऊन गिऱ्हाईक येते, मोबाइलवर एक फोटो दाखवते आणि म्हणते, "चाचा, पुढचं चाक असं लांब काढून द्या." असे काम आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत कोणत्याही गॅरेजमध्ये येऊ शकते. गॅरेज, वेल्डिंग आणि लेथच्या धंद्यात आपले बांधव पुष्कळ आहेत. पैसे बरे मिळतात, म्हणून काम घेतले जाते. परंतु त्याला हात घालण्यापूर्वी गाडीचे माप आणि देशाचा कायदा या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्याव्यात, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आधी माप. हँडल ज्या दांड्यावर फिरते, त्या कोनसेटमधल्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत नेली तर ती चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन जागांमधील अंतराला ट्रेल म्हणतात. दांडा मागे जितका कललेला असतो तो कोन म्हणजे रेक. हँडल सोडले तरी गाडी सरळ राहू पाहते, ते बरेचसे या ट्रेलमुळे.

हिशेब करून पाहू. चाक १९ इंची, टायरसकट त्रिज्या ३२३ मिलिमीटर, रेक २७ अंश आणि टीने फोर्क दांड्याच्या ५० मिलिमीटर पुढे धरलेला. ट्रेल येतो १०८ मिलिमीटर. आता फोर्क चार इंच लांब केला की गाडीचे तोंड वर उचलले जाते, रेक ३१ अंशांच्या आसपास जातो आणि ट्रेल १३५ पर्यंत. चेसिसची मान कापून रेक ३७ अंश केला तर ट्रेल १८० च्या वर! अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर सरळ धावते, पण गल्लीत वळवताना हँडल जड होते आणि चाक एका बाजूला कलंडू पाहते.

यावर उपाय म्हणून काही जण कोन दिलेली टी बसवतात. लांब फोर्कला ती हिशेबाने बसवली तर ट्रेल जागेवर येतो. परंतु मूळ लांबीच्या फोर्कला केवळ दिसण्यासाठी सात अंशांची टी लावली तर? दांड्यापासून ॲक्सलपर्यंतची लांबी ७०० मिलिमीटर धरा; ट्रेल पंधरा मिलिमीटरसुद्धा उरत नाही. आमच्या मते सर्वांत धोक्याची चूक हीच. जड झालेली गाडी निदान गॅरेजच्या दारातच तक्रार करते. ही गाडी दारात हलकी चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते, आणि हायवेवर वेग घेतल्यावर हँडल थरथरू लागते.

१९ इंची चाक काढून १७ इंची अलॉय बसवण्याचे काम तर सर्रास होते. त्यानेही तोंड खाली येऊन वरच्या गाडीचा ट्रेल १०८ वरून ८६ च्या आसपास उतरतो. ते कोणी मोजत नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. गाडी सपाट फरशीवर, स्वारासह, चाकांवर सरळ उभी करावी. ॲक्सलपासून गवंड्याचा ओळंबा सोडून खडूची खूण करावी. कोनसेटच्या मध्यरेषेत दोरी ताणून ती जमिनीला टेकते तिथे दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर म्हणजे ट्रेल. दोरी फोर्कच्या पाइपला धरू नये. बहुतेकांची चूक तिथेच होते.

पाइपचीही एक गोष्ट. सातशेचा फोर्क आठशे झाला की ब्रेक मारताना खालच्या टीपाशी पाइपवर येणारा ताण साधारण सातव्या हिश्श्याने वाढतो. अशा पाइपला वेल्डिंग करून किंवा आटे पाडून तुकडा जोडणे म्हणजे स्वाराच्या जिवाशी खेळ आहे.

आता कायदा. फोर्क पुढे गेला की व्हीलबेस वाढतो, आणि व्हीलबेसची नोंद आरसीत असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या व आरसीत नोंदलेल्या तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने गाडीच्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. डीलरने असा बदल केला तर दर गाडीमागे एक लाख रुपये किंवा वर्षापर्यंत कैद. आम्ही कुठले डीलर, असे कोणी म्हणेल. त्याने कायद्यातील व्याख्या वाचावी : गाड्यांची दुरुस्ती करणाराही डीलरमध्ये मोडतो. म्हणजे हौस ज्याची त्याला शिक्षा कमी आणि हात ज्याचा त्याला जास्त. गिऱ्हाइकाकडून सही लिहून घेतली म्हणून सुटका होत नाही.

ही फॅशन जगभर पसरवली ती १९६९ च्या 'ईझी रायडर' या अमेरिकन चित्रपटाने. त्यातल्या लांब फोर्कच्या गाड्या बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज या दोन कृष्णवर्णीय कारागिरांच्या मेहनतीतून घडल्या, पण पडद्यावर त्यांची नावे नव्हती आणि कित्येक वर्षे कोणी ती घेतलीही नाहीत. कौतुकात कारागिराचे नाव राहून जाते. एफआयआरमध्ये मात्र राहत नाही.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फोर्क लांब करण्याचे काम सरळ नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हेच मापाचे ज्ञान अपघातातून आलेल्या गाड्यांना लावावे. वाकलेला पाइप, पिळलेली टी, मागे बसलेली मान यांनी ट्रेल बिघडतो, आणि नुसत्या डोळ्याने सरळ केलेली गाडी पुन्हा एका बाजूला ओढते. अशा गाडीचा ट्रेल कामाआधी आणि कामानंतर मोजून दोन्ही आकडे बिलावर लिहून द्यावेत. त्याचे पैसे वेगळे लावायला हरकत नाही.