सडा विकलात, निदान विचारायचं तरी होतं

माझ्या मुंबईकर भावंडांनो,

सड्यावरची आपली सामाईक जमीन विकली गेल्याचं मला तुमच्याकडून कळलं नाही. गडगा फोडायला जेसीबी आला, तेव्हा त्याच्या चालकाने सांगितलं. कुलमुखत्यारपत्र आधीच झालं होतं म्हणे. गणपतीत आपण सगळे एका पंगतीला बसलो होतो, तेव्हाही कुणी अवाक्षर काढलं नाही. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं, मुंबईचा खर्च मला कळतो. तुमचा हिस्सा विकायचा हक्कही मान्य. पण भावकीत एका शब्दाने विचारलं नाहीत, हे फार लागलं.

नंतर फोनवर म्हणालात, ‘कातळावर पिकतं काय? सातबाऱ्यावर पोटखराबाच आहे.’ रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर येतात. आपल्या वाडीत अजून येत नाही, कारण सड्याच्या जांभ्यात मुरलेलं पाणी झिरपत आपल्या विहिरीला येतं. सुट्टीत आलात की पोहऱ्याने अंगावर घेता ते हेच पाणी. वरचा कातळ फोडून चिरे काढले, उरलेल्यावर काँक्रीट ओतलं, तर पाऊस सरळ पऱ्याने खाडीला जाईल. मग विहिरीत काय राहणार? शिवाय जूनमध्ये त्याच कातळावर दीपकाडी फुलते, ती कोकणच्या सड्यांचीच. भाद्रपदात सीतेच्या आसवांनी सडा निळा होतो, तो तुम्ही पाहिलेला आहे.

आणि कातळशिल्पं? कशेळीचा हत्ती, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू ही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपल्या सड्यावरचा मासा कुठल्याच यादीत नाही. त्याच्या शेपटीवर बसून आपण करवंदं खायचो. आज त्यावर मुरुमाचा ढीग आहे, फक्त डोक्याकडची रेघ बाहेर दिसते. मी चालकाला हात जोडले. तो म्हणाला, ‘मालकांना सांगा.’ मालक तर तुम्हीच होतात.

नाणारला रिफायनरी प्रकल्प जाहीर होण्याआधीच बाहेरच्यांनी जमिनी घेतल्याची तक्रार लोक तेव्हापासून करत आले. एप्रिल 2023 मध्ये बारसूला रिफायनरीसाठीचं माती परीक्षण अडवायला बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. टीव्हीवर ते बघून तुम्हीच मला फोन केला होता, ‘आपलं कोकण वाचलं पाहिजे.’ तो फोन खरा मानून मी इथे निर्धास्त राहिलो.

विहिरीच्या अंगाचा तुकडा अजून सामाईक आहे आणि दलाल त्याचीही चौकशी करतोय. त्याच्या दस्तावर सही करण्याआधी शिमग्याला या. पालखी घरी येईल त्या दिवशी भावकीची बैठक लावू. पैशाची नड असेल तर उघड सांगा, आम्ही इथले मिळून तुमचा हिस्सा घेऊ, हप्त्याने का होईना. फक्त बाहेरच्याला शब्द देण्याआधी आम्हाला विचारा.

तुमचा,
गावातच राहिलेला भाऊ
रत्नागिरी