आपले आरोग्य : टॉन्सिल्सचे औषध उरते कसे?

मुलाचा घसा दुखू लागला की घराघरांत मागच्या वेळची उरलेली औषधाची बाटली शोधली जाते. ती उरलीच कशी, हा आमचा प्रश्न आहे.

टॉन्सिल्सची सूज बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते. सोबत सर्दी-खोकला असेल तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही. मिठाच्या कोमट गुळण्या, पॅरासिटामॉल, विश्रांती पुरते. पण खोकला नाही, ताप जोराचा, टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी, असे असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेप्टोकोकस जंतू असू शकतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो अधिक आढळतो. त्यावर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारण १० दिवस देतात. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते, अम्मी निश्चिंत होते आणि बाटली फडताळात जाते. इथेच घात होतो. जंतू शिल्लक राहिले तर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजवणारा ताप येऊ शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

मोठ्यांनी एकाच बाजूची तीव्र वेदना, तोंड न उघडणे, थुंकीही न गिळवणे अंगावर काढू नये. आत पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रमजानमध्ये डोस चुकवू नका. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत आहेच.

ऑपरेशनची घाई नको. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे पाच-पाच वेळा त्रास झाला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारावे.