‘लिटिल चॅम्प्स’ मोठे झाले. नियम मात्र उशिरा आले

भोकर - ‘झी मराठी’वरील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या बालगायकांच्या पहिल्या पर्वाची महाअंतिम फेरी ८ फेब्रुवारी २००९ रोजी झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. तिच्यासह आर्या आंबेकर (पुणे), मुग्धा वैशंपायन (अलिबाग), प्रथमेश लघाटे (आरवली, जि. रत्नागिरी) आणि रोहित राऊत (लातूर) हे पाचही जण ‘पंचरत्ने’ म्हणून घराघरांत पोहोचले. या पाचांत मराठवाड्याचा एकच होता. त्यामुळे लातूर-नांदेड पट्ट्यात, भोकर-मुदखेडपासून उदगीर-अहमदपूरपर्यंत, भारनियमनाच्या वेळा सांभाळून हा कार्यक्रम पाहिला गेला, तो ‘आपल्या पोरासाठी’. शास्त्रीय संगीताची परंपरा पुण्या-मुंबईची, ही समजूत एका लातूरच्या मुलाने काही महिने तरी बाजूला ठेवायला लावली होती.

त्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. आर्या आंबेकर २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटाची नायिका झाली. ‘लिटिल मॉनिटर’ म्हणून लाडकी ठरलेली मुग्धा आणि प्रथमेश हे डिसेंबर २०२३ मध्ये विवाहबद्ध झाले. दोघेही गायनातच आहेत. २०२१ च्या जूनमध्ये नवे पर्व सुरू झाले, तेव्हा हे पाचही जण परीक्षकांच्या आसनावर बसले. मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात असा योग विरळाच.

रोहित राऊत याची वाटचाल मात्र अधिक बोलकी आहे. महाराष्ट्रभर नाव झालेल्या या गायकाला हिंदीच्या दारात पुन्हा स्पर्धक म्हणूनच उभे राहावे लागले. ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि २३ फेब्रुवारी २०२० रोजी उपविजेता ठरला, विजेता होता भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी. महिनाभरातच टाळेबंदी लागली आणि देशभरातील मंच ओस पडले. बालपणी मिळालेली ओळख ही ठेवीसारखी व्याजासह परत मिळत नाही. ती पुन्हा कमवावी लागते, आणि मुलांच्या बाबतीत तर आवाज फुटण्याच्या वयानंतर अगदी मुळापासून. तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्या गळ्याला टाळ्या मिळाल्या, तो गळा दोन वर्षांनी निराळाच असतो. एसएमएसने मत देणाऱ्या प्रेक्षकाला याची कल्पना नसते, आणि असायचे कारणही नाही.

आधीच्या पिढीतही असेच एक उदाहरण सापडते. दूरदर्शनवरील ‘उत्तर रामायण’ (१९८८-८९) या रामानंद सागर यांच्या मालिकेतील लव आणि कुश ही दोन्ही मराठी मुले. कुश झालेला स्वप्नील जोशी पुढे सागर यांच्याच ‘श्रीकृष्ण’ मालिकेत दिसला आणि आज मराठी चित्रपटसृष्टीतील आघाडीचा अभिनेता आहे. लव झालेला मयूरेश क्षेत्रमाडे अभिनय सोडून अमेरिकेत गेला व तेथे मोठ्या कंपनीच्या प्रमुखपदी पोहोचला. २०२० च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हा अनेकांना त्याची आठवण झाली. एकाच चौकटीतून निघालेली ही दोन मुले. एकाने पडद्याला धरून ठेवले, दुसऱ्याने सोडले, आणि कोणाचेही बिघडले नाही.

पण यशस्वी ठरलेल्यांच्या कथांवरून नियम काढणे धोक्याचे. पाच जण लक्षात राहिले. निवड चाचण्यांना आलेली बाकीची मुले कोणाच्याच लक्षात नाहीत. शिवाय घरातच शिक्षण असणे, ही बाब निर्णायक ठरते. आर्याची आई शास्त्रीय गायिका, कार्तिकीचे वडील संगीत क्षेत्रातले. ज्या घरात तंबोरा नाही, त्या घरातील मुलाचे प्रसिद्धीनंतरचे वर्ष कसे जाते, हे पाहायला कॅमेरा थांबत नाही.

कायद्याची बाजू पाहिली तर आश्चर्य वाटते. २००९ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलांसाठी ठोस बंधने जवळजवळ नव्हती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये आली. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांसाठी प्रथमच स्पष्ट अटी घातल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नको, सलग २७ दिवसांहून अधिक नको, आणि शाळा बुडता कामा नये. मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवी. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने असा कायदा १९३९ मध्येच केला होता. चॅप्लिनच्या ‘द किड’मधील (१९२१) जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची कमाई आई व सावत्र वडिलांनी संपविल्याचे उघड झाले, त्यातून तो आला. आपण जवळपास आठ दशकांनी तेथे पोहोचलो.

नियमांतही फट आहे. परवानगी द्यायची ती कार्यक्रम ज्या जिल्ह्यात होणार तेथील जिल्हाधिकाऱ्यांनी. म्हणजे भोकरच्या मुलीचे चित्रीकरण मुंबईत असेल, तर नांदेडच्या प्रशासनाचा त्याच्याशी संबंधच येत नाही. तिची शाळा मात्र येथेच असते. गावच्या गणेशोत्सवात किंवा यात्रेत तिकीट न लावता झालेला कार्यक्रम ‘व्यावसायिक’ की सांस्कृतिक, हाही वादाचा मुद्दा. बिदागी तर तेथेही दिली-घेतली जाते.

आता तर वाहिनीचीही गरज उरलेली नाही. मोबाईलवर मुलाचे गाणे, नाच, नक्कल टिपून ती समाजमाध्यमांवर टाकणारा निर्माता बहुधा स्वतः बापच असतो. आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात ओटीटी व समाजमाध्यमांचाही समावेश केला. परंतु जेथे निर्माता आणि पालक एकच आहे, तेथे २० टक्क्यांची ठेव कोणी ठेवायची आणि ती ठेवली की नाही हे कोणी तपासायचे, याचे उत्तर त्या मुलांना मोठे होण्याच्या आत मिळायला हवे.