खेळाचा भाव

विटीदांडू वा लगोरी खेळण्यास आम्हांला कधी दाम मोजावे लागले नाहीत. व्हिडिओ गेमची गोष्ट निराळी. तेथे यंत्रही विकत घ्यावयाचे आणि त्यावरचे अनेक खेळही. तेव्हा हा भाव कोण व कशाच्या आधारे ठरवितो, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी विचारणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

पूर्वी यंत्र जुने होई तसे स्वस्त होत असे. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आले. २००९ मध्ये ते ९९ डॉलरला मिळू लागले. साध्या घरातील मुलाला 'थोडे थांबू' असे म्हणता येत होते. आता ही रीत उलटली आहे. २०२० साली ४९९ डॉलरला निघालेले प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे ५४९ डॉलरचे झाले. थांबणाऱ्याच्या पदरी बचतीऐवजी भुर्दंड आला!

देशादेशांतील अंतर तर अधिक विचार करावयास लावणारे आहे. हेच यंत्र भारतात २०२१ साली ४९,९९० रुपयांना आले. त्या वेळच्या विनिमयदराने अमेरिकेतील किंमत सुमारे ३६,५०० रुपये होत होती. आपल्या छापील किमतीत कर व जकात धरलेली असते, अमेरिकेत विक्रीकर वरून लागतो, हे खरे. परंतु आपल्या पावतीवर वस्तू व सेवा कर तेवढा दिसतो; जकात किती आणि नफा किती, हे गिऱ्हाईकाला कळत नाही.

मग जगभर एकच भाव असावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिना व तुर्कस्तान येथील स्थानिक चलनातील भाव बंद करून डॉलरचे भाव लावले. विनिमयदरातील सततची अस्थिरता हे कारण त्यांनी सांगितले. परंतु तेथील मुलांना अनेक खेळ एकाएकी कितीतरी पट महाग झाले. याउलट जपानचे पाहा. २०२५ साली निन्टेंडो स्विच २ तेथे दोन प्रकारांत आले : केवळ जपानी भाषेत चालणारे ४९,९८० येनला, तर अनेक भाषांत चालणारे ६९,९८० येनला. येन घसरलेला असता परक्यांनी स्वस्त माल उचलून नेऊ नये आणि घरच्या मुलाला तो परवडावा, अशी ही योजना दिसते. परप्रांतात राहून मराठीत शिकणाऱ्या आम्हांला स्वभाषेचा असा उपयोग पाहून कौतुक वाटले.

दुकानाप्रमाणेही भाव बदलतो. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा खेळ युरोपात इंटरनेटवरून उतरवून घेतल्यास ७९.९९ युरो, पेटीतून घेतल्यास ८९.९९ युरो अशा किमतीने निघाला. पेटीतला खेळ मित्राला देता येतो, पुढे विकताही येतो. तेव्हा कमी किमतीचा सौदा नेहमीच स्वस्त असतो असे नाही.

सारांश, भावात अंतर असणे हा अन्याय नव्हे. ते अंतर घेणाऱ्याच्या ऐपतीला धरून असावे आणि त्याचे कारण उघड सांगितले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. भाजी घेताना आई दोन ठिकाणी भाव विचारते. हजारो रुपयांचा खेळ घेताना आपण एकदाही का विचारू नये?